निवडुंगाची नऊ पिलं

मनोहररावांच्या हातून आयुष्यात एकही झाड जगलं नव्हतं, आणि याची त्यांना कधी खंतही वाटली नव्हती. बावीस वर्षं आवक-जावक आणि आस्थापना सांभाळलेल्या माणसानं झाडंही सांभाळावीत, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. ती केली पांढरीपांडे साहेबांनी, सत्त्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये, तीही शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटता सुटता.

साहेबांना दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला जायचं होतं. त्यांनी टेबलाखालून एक मातीची कुंडी काढून फायलींवर ठेवली. कुंडीत नारळाएवढा गोल निवडुंग होता. अंगावर उभ्या शिरा, शिरांवर काटे आणि बुडाशी बोराएवढी, लिंबाएवढी पिलं चिकटलेली.

"हे आमच्या मंडळींनी लावलेलं," साहेब म्हणाले. "त्या जाऊन तीन वर्षं झाली. बंगल्यावर माळी आहे, पण त्याच्या हातात सदा पाइप, आणि हे झाड पाण्यानं मरतं. पंधरा दिवसांनी दोन चमचे पाणी घालायचं. बाकी काही करायचं नाही. काही न करणं तुम्हाला नीट जमेल, म्हणून तुमची निवड केली."

हा गौरव होता की टोमणा, हे मनोहररावांना कळलं नाही. त्यांनी दोन्हींना चालेल असं हसून घेतलं.

"पिलं नऊ आहेत. कोणी मागितलं तरी द्यायचं नाही. आमच्या मंडळी कधीच देत नसत. मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायच्या आणि मागचं फाटक उघडं ठेवायच्या."

या बोलण्याच्या उत्तरार्धाचा अर्थ मनोहररावांना लागला नाही. पण साहेबांच्या बोलण्यातल्या उत्तरार्धाचा अर्थ लावत बसायची खात्यात पद्धतच नव्हती. त्यांना एवढं ठाऊक होतं की जुलैअखेर अधीक्षकाची जागा रिकामी होणार आहे आणि त्यांचा गोपनीय अहवाल साहेब परत आल्यावर लिहिणार आहेत. म्हणजे बावीस वर्षांची नोकरी आता या नारळाएवढ्या झाडावर येऊन टेकली होती. कुंडी मांडीवर घेऊन ते सायकलरिक्षात बसले. रिक्षानं पहिला खड्डा घेतला तेव्हाच झाडाची आणि त्यांच्या मांडीची चांगली ओळख झाली.

सुभाषनगरात भैयाजींची चाळ होती. घरमालक भैयाजी धरून पाच बिऱ्हाडं आणि सगळ्यांच्या दारापुढून जाणारी एकच लांब ओसरी. मनोहररावांच्या आई जिजाबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी कुंडी पाहिली आणि सूप खाली ठेवलं.

"घरात काट्याचं झाड आनलं? आता भांडनं होतीन पाह्य."

"काहून, आता काय कमी होऊन राहिली?" आतून शामलाबाईंचा आवाज आला. शामलाबाई मनोहररावांच्या पत्नी, कमी बोलणाऱ्या, पण वेळेवर बोलणाऱ्या.

तडजोड अशी झाली की झाड घरात न ठेवता ओसरीवर, तुळशीच्या शेजारी ठेवायचं. मनोहररावांनी त्याच संध्याकाळी ऑफिसच्या जुन्या रजिस्टरातली कोरी पानं शिवून नोंदवही केली. पहिली नोंद लाल शाईनं केली: झाड एक. पिले नऊ. प्रकृती उत्तम.

झाडाला पाहायला पहिल्यांदा आले शेजारचे नत्थूजी. हे खापरखेड्याच्या कोळशावरच्या पॉवर हाउसमध्ये होते, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे राख हे एकच औषध होतं.

"याले राख पाहिजे गा मनोहरराव. आणून देऊ का पोतंभर? अन् एक पिल्लू दे ना मले."

"देता येत नाही नत्थूजी. वरून आदेश आहे."

आता माणसाला नाही म्हटलं की त्याचं तोंड पडतं, हा मनोहररावांचा खिडकीमागचा बावीस वर्षांचा अनुभव. नत्थूजींचं तोंड मात्र खुललं. "नाही ना देत? पक्कं?" असं दोनदा विचारून ते शीळ वाजवत गेले. मग चाळीतल्याच, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवणाऱ्या कुसुमताई आल्या. त्यांनीही पिल्लू मागितलं, त्यांनाही नकार मिळाला आणि त्यांनी चक्क "थँक्यू" म्हटलं. घरमालक भैयाजी आले, नकार घेऊन आनंदात गेले. चाळीत धुणीभांडी करणारी पंचफुला तर नकार ऐकून "बरं झालं बाप्पा!" म्हणाली. मनोहरराव रात्री बराच वेळ जागे राहिले. चाळीत आपला एवढा दरारा आहे, हे आपल्याला इतक्या वर्षांत कसं कळलं नाही, याचा ते विचार करत होते.

पंधराव्या दिवशी त्यांनी चहाच्या चमच्यानं दोन चमचे पाणी मोजून घातलं. दुसऱ्या चमच्यातलं थोडं सांडलं, तेवढं परत घालावं की नाही यावर दहा मिनिटं गेली. तोवर ऊन चव्वेचाळीसच्या पुढे गेलं होतं. डांबर पायाला चिकटत होतं, लोक कानाला दुपट्टे गुंडाळून फिरत होते, दारोदार पाखरांसाठी पाण्याची परळं ठेवली होती. अशात एक गृहस्थ झाडासमोर चमचा घेऊन बसलेला पाहून चाळीचं मन कळवळलं.

"कैद्यालेही पानी देते सरकार," नत्थूजी रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"ते वाळवंटातलं झाड आहे!"

"मग आपलं नागपूर काय महाबळेश्वर आहे का?"

मनोहररावांनी चमचा पुसून आत नेला. पण लवकरच दुसरंच लचांड उभं राहिलं. एके दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येऊन त्यांनी सवयीनं कुंडीतल्या मातीला बोट लावलं. माती ओली होती. दुसऱ्या दिवशीही ओली, तिसऱ्या दिवशीही ओली. त्यांनी शामलाबाईंना विचारलं, आईला विचारलं. दोघींनी "आम्ही कशाला घालतो?" म्हणून हात झटकले. मनोहररावांनी वहीत लिहिलं: माती ओली. कारण कळत नाही.

आणि आठवड्यानं पिलं मोजली तर आठ भरली.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजली. मग शामलाबाईंना मोजायला लावली. त्यांनी कुंडीकडे फारसं न पाहता "आठच आहेत" म्हटलं आणि त्या पोळ्यांकडे वळल्या. पुढल्या सोमवारी सात झाली, गुरुवारी सहा. एखादं वाळून गळालं म्हणावं तर खाली काही पडलेलं नसे. नत्थूजींच्या खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत असेल म्हणावं, तर ती खिडकी पलीकडच्या बाजूला. मनोहरराव माणूस तसे सरळ, त्यामुळे त्यांचा संशय उंदरांवर गेला. उंदीर काटे कसे खातात हा प्रश्न होता, पण सरकारी गोदामात उंदरांनी काय काय खाल्लं याच्या फायली त्यांनी स्वतः चालवलेल्या होत्या. त्यांनी कुंडीमागे चापाचा पिंजरा लावला. सकाळी चाप पडलेला होता, आत कोणीच नव्हतं. त्याच सकाळी भैयाजी बोटाला पट्टी बांधून फिरत होते.

"दारात सापडलं," ते म्हणाले.

मनोहररावांनी घरातून आयोडीन आणून स्वतःच्या हातानं लावून दिलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की कुसुमताईंच्याही बोटाला पट्टी आहे आणि पंचफुलानं अंगठ्याला हळद लावली आहे. चाळीत बोटाच्या दुखण्याची काहीतरी साथ आलेली दिसते, असं त्यांनी घरी सांगितलं आणि सगळ्यांना हात धुवून जेवायला लावलं.

शेवटी तज्ज्ञाला विचारावं म्हणून ते शेतीच्या एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं छापील फॉर्म पुढे ओढला.

"पीक?"

"निवडुंग."

"हंगाम?"

"तो बारा महिने असतो."

"क्षेत्र?"

"एक कुंडी."

"एकरात सांगा."

मनोहररावांनी गणित करून पाहिलं, पण दशांश चिन्हापुढे शून्यं फार येऊ लागली.

"ते राहू द्या. सातबारा आणला का?"

"कुंडीचा?"

"ज्या जमिनीत पीक आहे तिचा."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. मनोहररावांना मात्र त्या कारकुनाबद्दल आदर वाटला. त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना असंच परत पाठवलं होतं, पण इतक्या शांतपणे त्यांना कधी जमलं नव्हतं. फॉर्मच्या तीन प्रती घेऊन ते निघाले. दारापर्यंत पोचले तर कारकुनानं हाक मारली. "अन् काहो, त्याले पिलं आहेत का? एखादं मिळंन?"

"देता येत नाही."

कारकून खुशीत हसला आणि म्हणाला, "राहता कुठं तुम्ही?"

मनोहररावांनी पत्ता सांगितला. का सांगितला, तेही त्यांना नंतर कळलं नाही.

वैशाख सरत आला तेव्हा कुंडीत एकच पिल्लू उरलं होतं आणि झाडाचा रंग पिवळट दिसू लागला होता. काळजीनं मनोहररावांचं जेवण सुटलं. एका दुपारी ऑफिसात त्यांना गरगरायला लागलं, तेव्हा खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा अशा बंदोबस्तात ते एक वाजताच घरी आले. ओसरीवर पाय ठेवला आणि ते तिथंच थिजले.

कपड्याच्या तारेला एक लहान मडकं टांगलं होतं. मडक्याच्या बुडातून कापसाची वात निघाली होती, आणि वातीतून थेंब थेंब पाणी निवडुंगाच्या डोक्यावर पडत होतं. वैशाखात तुळशीवर लावतात ती गळती, सरळ उचलून शेजारच्या कुंडीवर आणली होती. निवडुंगाच्या माथ्यावर बेलाचं पान होतं. बाजूला जिजाबाई माळ ओढत बसल्या होत्या. आणि कुंडीच्या पलीकडे शाळेच्या कुसुमताई, सुट्टीचा दिवस सत्कारणी लावत, चहाच्या सांडशीनं शेवटचं पिल्लू उपटत होत्या.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? पाह्य ना कसा गोल आहे तो. मले तं पिंडच दिसते. वैशाखात पिंडीवर गळती नाही लावायची, तं कवा लावायची?"

"साहेबांनी दोन चमचे सांगितलं होतं!"

"तुह्या सायबाले का समजते? महिना होत आला, मी रोज लावून राहिली. तू येयाच्या आंधी काढून ठेवतो. तू चिडशीन म्हनून." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तहानलेल्याले पानी देल्लं, तं पाप लागते का गा?"

मनोहररावांनी कुसुमताईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ह्या तरी शरमतील. कुसुमताईंनी पिल्लू रुमालात बांधून घेतलं.

"चोरी करता कुसुमताई? मागितलं असतं तर—"

"मागितलं की मी. तुम्ही नाही म्हटलं, म्हणून तर नेता आलं. दिलेलं झाड कुठं लागते मनोहरराव? झाड चोरूनच न्यावं लागते, तवा ते धरते. एवढं तर सगळ्यांना माहीत असते."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"मग पंचाईत होती. दुसऱ्या कोणाकडचं पाहावं लागलं असतं."

मनोहरराव खाली बसले. त्यांनी गळतीचं मडकं बाजूला केलं, बेलाचं पान काढलं आणि झाडाला दोन बोटांनी धरून किंचित हलवलं. झाड बुडापासून सुटून अलगद त्यांच्या हातात आलं. खाली मुळं नव्हतीच, नुसता तपकिरी लगदा होता. काटे बोटांत शिरत होते, पण त्यांना ते जाणवलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांच्या मनात अधीक्षकाची जागा आली नाही. त्यांनी कधी न पाहिलेली एक बाई आली, फाटक उघडं ठेवणारी, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"काट्याचं झाड आनलं तवाच म्हनलं होतं," जिजाबाई म्हणाल्या. पण त्यांच्याही हातातली माळ थांबली होती.

मनोहरराव तीन दिवस चाळीत कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी साहेबांचं कार्ड आलं: रविवारी सकाळी घरी येऊन कुंडी घेऊन जाईन. शामलाबाईंनी सुचवलं की नर्सरीतून तसंच दुसरं आणून ठेवावं. मनोहरराव चार नर्सऱ्या फिरले. एकीकडे तसाच निवडुंग मिळालासुद्धा, पण तो हातात घेतल्यावर त्यांना आपली नोंदवही आठवली. तीत सगळं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि रजिस्टरात खाडाखोड करणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. ते हात हलवत परत आले.

रविवारी साहेब आले. ओसरीवर खुर्ची मांडली होती. मनोहररावांनी रिकामी कुंडी आणि नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली आणि हात बांधून उभे राहिले. साहेबांनी कुंडीत पाहिलं. मग वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचली.

"'माती ओली. कारण कळत नाही.' हे एकोणतीस वेळा लिहिलं आहे."

"हो साहेब. एकोणतीसही दिवस कळलं नाही."

तेवढ्यात जिजाबाई बाहेर आल्या. "पानी म्या घातलं सायेब. त्याले काही बोलू नका. तो तं चमचा घेऊन बसे येड्यावानी."

जिजाबाईंनी तोंड उघडलं तसं चाळीचं धैर्य वाढलं. कुसुमताई दोन्ही हातांत दोन चहाच्या डब्या घेऊन आल्या. दोन्हींत एकेक पिल्लू ताठ उभं होतं. नत्थूजींनी दोन पिलं आणली. "राखेत लावली सायेब, पाहा कशी तरारली." भैयाजी फुटक्या किटलीत लावलेली तीन घेऊन आले आणि "घरमालक म्हणून तीन" असं त्यांनी न विचारताच सांगितलं. पंचफुलानं पदराआडून तोंडाला लावायच्या स्नोची रिकामी डबी काढली. तिच्यात सगळ्यात लहान, बोराएवढं पिल्लू होतं. सगळी ओळीनं ओसरीवर मांडली. मनोहररावांनी मोजली. आठ.

"नववं?" ते म्हणाले, आणि त्यांना त्या कचेरीतला कारकून आठवला.

मग शामलाबाई उठल्या, मोरीतल्या पाण्याच्या ड्रममागे गेल्या आणि डालड्याच्या डब्यातलं एक गुबगुबीत पिल्लू घेऊन आल्या. सगळ्यांपेक्षा ते चांगलं वाढलं होतं.

"शामला, तूसुद्धा? आपल्याच ओसरीवरून?"

"मले तरी दिलं असतं का तुम्ही?" शामलाबाई म्हणाल्या. "अन् दिलं असतं, तर लागलं असतं का ते?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, हे मनोहररावांना कळलं नाही.

"साहेब, सगळी आपलीच आहेत. घेऊन जावीत."

"नाही. ती ज्यांनी नेली त्यांची."

"मग एखादं तरी—"

"नको म्हटलं ना मनोहरराव."

"असं कसं साहेब, मी स्वतः देतो—"

"नका देऊ!" साहेब एवढ्या जोरानं म्हणाले की मनोहरराव दोन पावलं मागे सरले.

कुसुमताईंनी शामलाबाईंकडे पाहिलं. शामलाबाईंनी जिजाबाईंकडे पाहिलं. जिजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चला वं साऱ्या, चहा ठेवू. नत्थूजी, तुमीबी चला. भैयाजी, आत या. मनोहर, आत ये."

"अगं, साहेब एकटे बसतील बाहेर."

"आत ये म्हनलं ना."

त्या एका खोलीत सातजण दाटीवाटीनं उभे राहिले. शामलाबाईंनी दार ओढून घेतलं. चहा कोणीच ठेवत नव्हतं. स्टोव्हला काडीसुद्धा लावली नव्हती. सगळे छताकडे पाहत होते आणि मनोहररावांनी तोंड उघडलं की चारी बाजूंनी "शू" येत होतं. ऑफिसच्या वरिष्ठाला उन्हात बसवून सगळं बिऱ्हाड स्वयंपाकघरात का लपलं आहे, हे त्यांना कळेना. बाहेर कसलातरी डबा खणकला, कोणीतरी "आई गं" म्हणालं, आणि मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

दार उघडून सगळे बाहेर आले. खुर्ची रिकामी होती. रिकामी कुंडीही जागेवर नव्हती. आठ पिलं ओळीनं उभी होती आणि स्नोच्या डबीतल्या वाळूत बोटाएवढं भोक होतं.

"माह्यं नेलं!" पंचफुला हरखून ओरडली. "सायबानं माह्यं नेलं बाप्पा!" बाकीच्यांनी आपापले डबे जरा नाराजीनंच उचलले.

मनोहररावांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग ते ओसरीच्या पायरीवर टेकले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

सोमवारी सकाळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर गोपनीय अहवालाचा फॉर्म होता आणि साहेब डाव्या हातानं तो झाकून लिहीत होते.

"तुमचाच आहे. बघू नका."

मनोहररावांनी अहवालाकडे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष साहेबांच्या उजव्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे गेलं होतं. साहेबांनी सही केली, ती नेहमीपेक्षा बरीच वाकडी आली. मनोहरराव दारापर्यंत गेले, थांबले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वरिष्ठाला न मागता सल्ला दिला.

"साहेब, आठ दिवस पाणी घालू नका. धरू द्या त्याला."

साहेबांनी मान वर केली नाही. त्यांचे कान तेवढे लाल झाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "या तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या."